पांगरखेडे वसते होते, त्याची हकिकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, तुळशीस पाणी घालून, देवापुढे निरांजन लावून हे लिहिणे आरंभिले. ज्या लेकरांस बोलता येत नव्हते त्यांची ती आई. तिने हातास बळ द्यावे आणि जिभेस कडूपणा देऊ नये. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, ते साली जे जाहले ते येथे लिहिले आहे. राज्य कोणते हे पुसू नये. नदी होती, गड होता, देवळे होती, माणसे होती; राज्यास इतके पुरते.

ते काळी महाराज गादीवर विराजमान होते, परंतु प्रकृतीने खालावले होते, आणि राज्याचा सर्व भार निंबाजीराव कारभारी यांचे शिरी होता. निंबाजीराव बुद्धीचे तल्लख, बोलणे मधाळ, आणि देवपूजा जाहल्याखेरीज मुखी पाणी घेत नसत, हेही लिहिले पाहिजे. दरबारात त्यांचे वाईट इच्छिणारे होते, ते महाराजांचे कानी लागत की, कारभाऱ्यांनी एवढी फौज पोसली, परंतु फत्ते कोठे आहे? मग निंबाजीरावांचे मनी भय उत्पन्न जाहले की, दसऱ्याचे दरबारापूर्वी काही फत्ते दाखविली नाही तर कारभाराची वस्त्रे दुसऱ्याचे अंगावर जातील. नदीपलीकडे पांगरखेडे म्हणोन गाव होते, मळ्याखळ्यांचे, साधे. शत्रूची फौज तिकडून गेली तेव्हा गावाने तिला दाणा दिला, आणि तलवार घेऊन दारी आलेल्यास दाणा न देऊन गावाने करावे तरी काय? परंतु कारभाऱ्यांनी तेच निमित्त धरिले, सरलष्करास बोलावून आज्ञा केली, आणि भाद्रपद वद्यात फौज नदी उतरून गावावर गेली. गावकरी भ्याले आणि काठ्याकुऱ्हाडी घेऊन वेशीत उभे राहिले. तेव्हा कारभाऱ्यांनी बेलभंडार पाठवून शपथेचा कौल दिला की, हत्यारे वेशीत ठेवा, बायकापोरे घेऊन मठात बसा, तुमच्या केसास धक्का लागणार नाही. देवाची शपथ म्हटल्यावर गावाने विश्वास ठेविला, हत्यारे ठेविली, आणि सर्वजण मठात जाऊन बसले. मग मठाचे दार बाहेरून लाविले आणि आग दिली. पुढचे लिहावयास हात धजत नाही. देव पाहात होता, इतके लिहिते.

त्या गावी सगुणा नावाची बाळंतीण होती, तिला पहिलाच मुलगा जाहला होता. सटवाई येऊन त्याच्या कपाळी लिहून गेली होती, बारसे व्हावयाचे होते. मठाकडे पळताना सगुणेच्या अंगी बळ नव्हते, म्हणून नणंदेने बाळ आपल्या कडेस घेतले आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही सावकाश या, मी पुढे जाऊन जागा धरते." ती पुढे गेली, आणि सगुणा चिंचेखाली दम खावयास बसली, आणि तेवढ्यात दार लागले; नवरा, नणंद, बाळ, सर्व आत राहिले. सटवाईने लिहिलेले कारभाऱ्यांनी पुसले ते ऐसे. मग सगुणा पायी चालत राजधानीस आपल्या आईकडे आली. आईने विचारिले, शेजारणींनी विचारिले, परंतु तिने तोंडातून शब्द काढला नाही. जेवण ठेविले तर जेवी, पाणी ठेविले तर पिई, आणि हात मांडीवर ऐसे धरून बसे की जणू काही धरिले आहे.

दसऱ्याचे दरबारात कारभाऱ्यांनी अर्ज केला की, पांगरखेडे गाव ओस पडले होते, ते जाळून शत्रूची वाट बंद केली. महाराजांनी वस्त्रे कायम केली, आणि भिकाजी शाहिराने डफावर फत्तेचा पोवाडा म्हटला, त्यात ओस गाव हा शब्द कडव्याकडव्यास आला. मग चौकात, चावडीवर, पाणवठ्यावर जो तो ओस गाव, ओस गाव ऐसे म्हणू लागला. ज्यांचे नातलग तिकडे होते ते गप्प राहिले, कारण ओस गावात नातलग असणे हा गुन्हा ठरू लागला होता.

सगुणेची आई गोजराबाई ही राज्याची पाळणेकरीण होती. तिच्या सासूपासून हा मान घरात चालत आलेला. राजवाड्यापासून खेड्यापर्यंत कोणाचेही बारसे असो, पाळणा गोजराबाईने म्हणावयाचा. गळा मोठा नव्हे, परंतु लेकरू झोपावे ऐसा होता. पांगरखेड्याची लेकरेही तिच्याच पाळण्यात निजली होती. एका घरचे मात्र तिने निजविले नव्हते, तो तिचा नातू. बारशास जावयाचे म्हणून तिने टोपडे शिवून ठेविले होते, ते तिच्या पेटीत तसेच राहिले. आणि नातवास नाव मिळाले नाही हेच तिच्या जिवास लागले होते. ती देवास म्हणे, "तू नेलास तर नेलास, पण काय म्हणून हाक मारून नेलास ते तरी सांग." नाव सगुणेस ठाऊक होते, तिनेच मनी धरिले होते, परंतु बारशाआधी नाव ओठावर आणू नये ही रीत, म्हणून तिने कोणास सांगितले नव्हते, आणि आता ती बोलत नव्हती.

ऐसे असता मार्गशीर्षात कारभाऱ्यांचे घरी सुनेस पुत्र जाहला. तोफा जाहल्या, साखर वाटिली, आणि बारशाचे बोलावणे करावयास कारभाऱ्यांची लेक वेणूताई स्वतः हळदकुंकू घेऊन गोजराबाईचे घरी आली. बाळाची ती आत्या, नाव ठेवण्याचा मान तिचा. लहानपणी गोजराबाईच्या मांडीवर लोळलेली, त्यामुळे दारातूनच म्हणाली, "गोजरामावशी, अगं उठ, आत्या झाले मी! आता माझी पाठ बडवायला सगळ्या टपल्यात." गोजराबाईने कुंकू लावून घेतले आणि म्हणाली, "बाळ सुखाचा होवो गं बाई." मग वेणूताईची दृष्टी कोपऱ्यात गेली आणि म्हणाली, "ही सगुणा ना? माहेरपणाला आली? बाळ कुठंय तिचं?" गोजराबाई म्हणाली, "बाळ पांगरखेड्याला राहिलं." वेणूताई हळू म्हणाली, "पण बाबासाहेब म्हणतात, गाव ओस होतं." गोजराबाई म्हणाली, "मग माझी लेक ओस गावात बाळंत झाली म्हणायची. तुझे बाबासाहेब मोठे आहेत, त्यांना मी काय सांगू?" वेणूताईने सगुणेच्या मांडीवरचे रिकामे हात पाहिले, आणि करंडा उचलून निघून गेली. परंतु बोलावणे मोडले नाही, आणि गोजराबाईनेही नाही म्हटले नाही.

कारभारी चतुर होते. त्यांस कळले की पाळणेकरणीची लेक पांगरखेड्याची, तेव्हा त्यांनी भिकाजी शाहिरास पाठविले की, बाईचा पाळणा आधी ऐकून ये, आणि त्यात आजोबांच्या फत्तेचे एक कडवे घालून ये. शाहीर आला, ओसरीवर बसला, ताक प्याला, आणि म्हणाला, "बाई, हुकूम आहे हो, नाहीतर तुमचा पाळणा तपासायची माझी काय ऐपत? माझी तिन्ही पोरं तुम्हीच निजवलीत." गोजराबाईने सर्व पाळणा म्हणून दाखविला, कौसल्येचा राम, देवकीचा कृष्ण, अनसूयेचा दत्त, सर्व शुद्ध. मग शाहिराने आपले कडवे सांगितले:

आजा तुझा गं रणी गाजला
ओस गाव त्याने जाळिला

गोजराबाई म्हणाली, "शाहीर, बाळाच्या पाळण्यात जाळिला शब्द घालता? पाळण्याची दोरी तरी धरवेल का कुणाला?" शाहीर जीभ चावून म्हणाला, "खरंच की! अहो, डफावर चालतं ते पाळण्याला नाही चालत." ऐसे म्हणून त्याने आपले कडवे आपणच काढून टाकिले, आणि जाताना उंबऱ्यात थांबला. म्हणाला, "ओस होतं असं मला सांगितलं, म्हणून मी गायलो." गोजराबाई म्हणाली, "मी काही विचारलं का?" शाहीर म्हणाला, "नाही विचारलंत, तेच लागतंय." आणि गेला, आणि कारभाऱ्यांस सांगितले की पाळण्यात रामकृष्णावाचून काही नाही. ते खरेच होते. परंतु चूक जाहली ती येथे. पाळणा म्हणण्याआधी बारशात काय होते हे पुरुषांस ठाऊक नसते, कारण ते चिकाच्या पडद्यापलीकडे बसून पानसुपारी खात असतात. आधी वरवंट्यास कुंची घालून, काजळ लावून, त्यासच बाळ करितात; दोन्ही बाजूंस बायका उभ्या राहतात, आणि एकीने कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या ऐसे म्हणत तो पाळण्याखालून पलीकडे द्यावा, दुसरीने घेतला म्हणून घ्यावा आणि पाळण्यावरून परत द्यावा. मग खरे बाळ निजते. यास कोणी गाणे म्हणत नाही, म्हणून ते कोणी तपासिले नाही.

बारशाचे दिवशी दिवे लागणीस वाडा फुलांनी भरला होता. पाळण्यास जरीची झालर, चौरंगावर वाट्यांतून घुगऱ्या, चिकाच्या अलीकडे सरदारांच्या बायका शालू नेसून, पलीकडे निंबाजीराव, सरलष्कर आणि मानकरी. गोजराबाई आली, तिच्यामागून सगुणा आली, कारण तिला एकटी घरी ठेवता येत नव्हते, आणि ती भिंतीस टेकून बसली. कारभाऱ्यांची पत्नी उमाबाईसाहेब यांनी वरवंटा गोजराबाईचे हाती दिला आणि म्हणाल्या, "चला, करा सुरुवात, बाळ भुकेला येईल." गोजराबाईने देवास नमस्कार केला, वरवंट्याची कुंची नीट केली, खाली वाकून तो पाळण्याखाली धरिला, आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "कुणी सुभान घ्या."

बायका हसल्या. एक म्हणाली, "अगं गोजरे, दात पडले तशी आठवणही पडली का? गोविंद म्हण की." गोजराबाई वाकलेलीच राहिली आणि म्हणाली, "सुभानच. पांगरखेड्याच्या माळ्याचा. दोन दात आले होते, आईला चावायचा. कुणी घ्या बाई, माझा हात अवघडला." तेव्हा हसणे थांबले. कोणी हात पुढे करीना. कित्येकींचे पती त्या फौजेत गेले होते, आणि परत आल्यावर का जेवत नाहीत, का दचकतात, हे त्यांस आजवर कळले नव्हते. एक म्हातारी सरदारीण होती, तिला गुडघेदुखीने वाकवत नव्हते, ती हळूहळू जमिनीवर बसली, हात पाळण्याखाली घातला, आणि म्हणाली, "दे इकडे. घेतला." आणि वरवंटा उराशी धरून वरून परत दिला. मग गोजराबाई म्हणाली, "कुणी यमुनी घ्या. काजळ घातलं की रडायची." दुसरी पुढे आली, "घेतली." "कुणी हैबती घ्या. वासराची शेपटी धरून उभा राहायला लागला होता." "घेतला." "कुणी नूरी घ्या. पिंजाऱ्याची. तिच्या पाळण्याला मी रामाचं नाव नव्हतं घेतलं, नुसतं जोजावलं होतं." "घेतली गं, घेतली." ऐसे एकेक नाव येऊ लागले आणि एकेक बाई पुढे येऊ लागली. रडण्याचा आवाज नव्हता, फक्त बांगड्या वाजत होत्या, आणि वरवंटा हातोहात जड होत गेला ऐसे त्या बायका पुढे सांगत.

चिकापलीकडे हे शब्द गेले. सरलष्कर उठून चालते जाहले, त्यांची पगडी बैठकीवरच राहिली. निंबाजीराव मोठ्याने म्हणाले, "काय चाललंय हे? थांबवा!" उमाबाईसाहेब चिकाजवळ गेल्या आणि आवाज न चढविता म्हणाल्या, "अहो, अर्ध्यावर थांबवता येत नाही. नातवाचं बारसं आहे. तुम्ही पान खा." कारभारी म्हणाले, "ती कोणाची नावं घेतेय ठाऊक आहे तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "आजपर्यंत नव्हती ठाऊक. तुम्ही घरात कुठे काय सांगता?" यावर निंबाजीराव उठले, आणि जोडे पायात न घालता बागेकडे निघून गेले, आणि पुढची नावे त्यांनी ऐकिली नाहीत.

आत नावे सरत आली. गोजराबाई पुन्हा वाकली, वरवंटा पाळण्याखाली धरिला, आणि म्हणाली, "कुणी..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "कुणी..." आणि पुन्हा थांबली. बायकांस वाटले बाई थकली, एकीने पाणी आणिले. गोजराबाई म्हणाली, "पाणी नको. हा माझा नातू. याचं बारसं राहिलं हो, नावच नाही माझ्यापाशी. काय म्हणून देऊ?" तेव्हा भिंतीपासून आवाज आला. गंजलेल्या कडीसारखा तो आवाज होता, कोणाचा ते आधी कळेना. "भानजी," सगुणा म्हणाली. "उजाडता झाला म्हणून. भानजी." गोजराबाईने मान वर केली नाही, परंतु तिच्या पाठीचा पदर हलू लागला, आणि ती म्हणाली, "कुणी भानजी घ्या." तेव्हा वेणूताई पुढे आली, शालूसकट जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी घेते. त्याची आत्या राहिली नाही ना?" आणि वरवंटा घेऊन, त्या दगडास तोंड लावून, कानात सांगावे तसे कुर्र करून नाव सांगितले. मग रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, परंतु इतके हळू की थोपटल्यासारखे. सगुणा उठून जवळ आली, आणि आईने पेटीतून काढून आणलेले टोपडे वरवंट्यास घातले, आणि त्याच्यावर गाल ठेवून रडली. भाद्रपदापासून ती प्रथम रडली.

त्याउपरी खरे बाळ आणिले आणि पाळण्यात ठेविले. नाव जयसिंग ऐसे ठरले होते, फत्तेची खूण म्हणून. चांदीच्या वाटीवर कोरूनही आणिले होते. वेणूताईने बाळावर वाकण्याआधी आपल्या भावजयीकडे पाहिले. ती बाळंतीण लहान होती, तिने पदर तोंडास लाविला आणि मान हलविली. मग वेणूताईने बाळाच्या कानी लागून सांगितले, आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे म्हणाली, "भानजी. नाव भानजी." गोजराबाईने दोरी धरिली, आणि कबूल केल्याप्रमाणे रामकृष्णाचा पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला; एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.

मग कारभाऱ्यांचा कोप जाहला. लेकीस म्हणाले, "माझ्या घरात मलाच काळं फासलंस." ती म्हणाली, "बाबासाहेब, मी फक्त आत्याचं काम केलं." त्यांनी गोजराबाईस राजधानीतून बाहेर घालविले, आणि दवंडी पिटविली की यापुढे बारशात गोविंद-गोपाळावाचून कोणाचे नाव घेऊ नये. दवंडीवाला चौकात ओरडत होता तेव्हा त्याचीच बायको पाणी घेऊन चालली होती, ती थांबून म्हणाली, "ओरडा, ओरडा. परवा तुमच्या भावाकडे बारसं आहे, मी नाव घेणार आहे. धरून नेणार का मला? भाकरी कोण थापेल?" लोक हसले, तोही हसला, आणि दवंडी अर्धीच राहिली. त्या सालापासून राज्यात जेथे जेथे पाळणा टांगिला तेथे तेथे बायका आधी पांगरखेड्याचे एक नाव घेऊ लागल्या, आणि कोणत्या घरी कोणते नाव घ्यावयाचे हे आपापसांत वाटून घेऊ लागल्या. भिकाजी शाहिराने पोवाडा म्हणणे सोडिले. कोणी आग्रह केला तर म्हणे, "घसा बसलाय." आणि तो घसा पुढे कधी उठला नाही.

गोजराबाईने बाहेर जावे कोठे? ती सगुणेस घेऊन नदी उतरली आणि पांगरखेड्यास जाऊन राहिली. शिपाई अडवू लागला तेव्हा म्हणाली, "बाबा, हुजुरांचंच म्हणणं आहे ना, गाव ओस आहे? मग मी राहिले तर कोणाचं काय जातं?" त्याने भाला बाजूस घेतला. दोघींनी मठाजवळ झोपडी केली, जळक्या भिंतींचा चुना पडलेली जागा झाडून घेतली, तेथे तुळस लाविली, आणि सगुणा रोज तिला पाणी घालू लागली.

इकडे बाळ भानजी वाढू लागला. आई, आत्या, आजी, गडीमाणसे सर्व भानजी म्हणत. एकटे निंबाजीराव जयसिंग म्हणत, आणि त्या नावास लेकरू वळत नसे. ते म्हणत, "बहिरा आहे काय पोर?" उमाबाईसाहेब म्हणत, "तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी हाक मारताय." पुढल्या सालचे पौषात, सकाळची पूजा आटोपून निंबाजीराव चौकात बसले होते, आणि लेकरू नुकतेच चालू लागलेले, डुलत डुलत हौदाकडे निघाले. हौद भरलेला, काठ ओला. निंबाजीरावांचे गुडघे धरलेले, चटकन उठवेना. त्यांनी हाक मारिली, "जयसिंग! अरे जयसिंग!" लेकरू पुढेच जाऊ लागले. पुन्हा मारिली, लेकरू काठास पोचले. तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले, "भानजी!" लेकरू तिथल्या तिथे फिरले, आजोबांस पाहून हसले, आणि दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे आले. कारभाऱ्यांनी त्यास उचलून घेतले, आणि बहुत वेळ खाली ठेविले नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. उमाबाईसाहेबांनी विचारिले नाही, कारण त्यांस ती हाक माजघरात ऐकू आली होती.

दुसरे दिवशी निंबाजीराव पालखी न घेता, हुजऱ्या न घेता, नावेत बसून पांगरखेड्यास आले. सगुणा तुळशीजवळ होती, गोजराबाई उन्हात बसून तांदूळ निवडीत होती. कारभारी अंगणाबाहेर उभे राहिले. गोजराबाई म्हणाली, "हुजूर, इथे कसे आलात? इथे तर कोणी नसतं." मग सगुणा पुढे आली, आणि त्यांस प्रथमच जवळून पाहिले. म्हातारा माणूस होता. निंबाजीराव म्हणाले, "मुली, त्या दिवशी मी मधूनच उठून गेलो. नूरीपर्यंत ऐकलं होतं. पुढची नावं..." सगुणेने आईकडे पाहिले. आईने सुपातून डोळे वर केले नाहीत, म्हणाली, "मला नको विचारूस. तुझं तू ठरव." सगुणेने तांब्यातले उरलेले पाणी तुळशीस घातले. मग झोपडीत गेली, घोंगडी आणिली, मठाच्या ओट्यावर अंथरली, आणि म्हणाली, "बसा. वेळ लागेल."

ते बसले. तिने नावे सांगितली आणि त्यांनी ऐकिली, आणि नुसती लेकरांची नव्हेत, सगळ्यांची. मग नदी उतरून ते तसेच दरबारात गेले, आणि महाराजांपुढे कारभाराची वस्त्रे ठेवून म्हणाले, "गाव वसते होते. कौल मी दिला होता." महाराजांनी काय दंड केला ते या बाईमाणसाच्या लेखणीस लिहिणे नको. सरलष्कर आजही पालखीतून फिरतात, तेही खरेच लिहिले पाहिजे.

तात्पर्य इतकेच की, ज्यांस ओस म्हटले ते वसते होते, आणि त्या वस्तीस नावे होती. ज्याचे घरी पाळणा टांगेल त्या घरच्या बाईने आधी तिथले एक लेकरू घ्यावे, मग आपले निजवावे. देवी सर्वांच्या लेकरांस राखो.